विचारलं तेवढंच

सकाळी दहा वाजून बावन्न मिनिटांनी तिसऱ्या मजल्यावरच्या प्रसूतिकक्षात मुलगी झाली. पाच आठवडे आधी. वजन एक किलो नऊशे. आईला तिची एक टाच दिसली, मग सिस्टरची पाठ, मग बंद होणारं दार.

ती रडली का, हे आईने दोनदा विचारलं. पहिल्यांदा कोणी ऐकलं नाही. दुसऱ्यांदा टाके घालणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "हलू नका."

आई न्यायालयात स्टेनो आहे. नऊ वर्षं ती साक्षी टिपून घेते आणि 'विचारलं तेवढंच सांगा' हे वाक्य दिवसातून दहादा ऐकते. त्या दिवशी सव्वासातला नोंदणीच्या खिडकीवर कारकुनाने मान वर न करता विचारलं होतं, "आत्ता सोबत कोण आहे?" नवरा तिला दाराशी उतरवून गाडी लावायला गेला होता. कळ आली होती. ती म्हणाली, "आत्ता कोणी नाही." कारकुनाने 'आत्ता' गाळलं आणि उरलेलं लिहिलं.

नवरा पाच मिनिटांत तिची पिशवी घेऊन आला. तोवर तिला वर नेलं होतं. दाराशी रखवालदार होता.

"माझी बायको वर आहे."

"इथे येणाऱ्या सगळ्यांचीच असते. कागदावर तुमचं नाव नाही."

"अहो, ही तिची पिशवी. आत तिचा फोन आहे."

"पिशवी मीपण घेऊन उभा राहीन."

"मी लिफ्टदुरुस्तीला असतो. असल्या इमारतींतून रोज आत-बाहेर करतो मी."

"मग लिफ्ट बंद पडली की या."

तो खिडकीकडे गेला. नाव घालायचं तर पेशंटची सही लागते, असं त्याला सांगण्यात आलं. त्याने अर्ज लिहिला. अर्ज वर गेला आणि प्रसूतिकक्षाबाहेरच्या टेबलावर राहिला, कारण कागद आत नेत नाहीत. नवरा बाकावर बसला. बस म्हटलं की बसणारा माणूस आहे तो.

वर आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. आठपर्यंत तिला वाटत होतं, येतोच आहे. साडेनऊला तिने दाराकडे बघणं सोडलं. शेवटच्या तासात तिने पलंगाची दांडी धरली होती. हातात धरायला दुसरं काही नव्हतं. अकरानंतर तिला सहा खाटांच्या खोलीत आणलं. शेजारच्या खाटेभोवती पाच माणसं होती आणि बाळाचं नाक कोणाचं यावर त्यांचा वाद चालला होता.

पावणेदोनला सिस्टर कागद घेऊन आली. "बाळाला श्वासाचा त्रास आहे. इथे यंत्र नाही, मोठ्या रुग्णालयात हलवतोय. रुग्णवाहिकेत घरचं एक माणूस चालतं. तुमचं कोणी नाही, म्हणून आमचीच सिस्टर जाईल. सही करा."

"कोणी नाही, असं कोण म्हणालं?"

"तुम्हीच, ताई. हे बघा."

तिने ओळ वाचली. "मी 'आत्ता' म्हणाले होते."

"म्हणजे?"

"माझा नवरा आहे. बाळाबरोबर तो जाईल. त्याला बोलवा."

फरशी पुसणारी मावशी थांबली. "अगं, नवरा आहे म्हणायला जीभ झडली होती का तुझी? खाली बाकावर मांडीवर पिशवी घेऊन बसलाय एकजण सकाळपासून. तोच का?"

"निळा शर्ट?"

"शर्ट नाही बघितला. तोंड बघितलं, तेवढं पुरलं."

मावशी गुडघे धरत जिन्याने उतरली. नाव चढवून, सही नेऊन-आणून पास व्हायला अर्धा तास गेला. लिफ्ट बाळासाठी धरून ठेवली होती, म्हणून नवऱ्याला जिना दाखवण्यात आला. तो दुसऱ्या मजल्यावर असताना मुलगी लिफ्टने खाली गेली.

"कुठे आहे?" त्याला दम लागला होता.

"आत्ताच खाली नेली. तू जा तिच्याबरोबर."

"पण तू..."

"मी इथेच आहे. जा ना."

त्याने पिशवी खाटेवर ठेवली, तिच्या केसांवर हात ठेवला आणि पळाला. दोन वाजून सव्वीस मिनिटांनी रुग्णवाहिका फाटकाबाहेर पडली. रखवालदाराच्या म्हणण्याप्रमाणे, एक माणूस तिच्यामागे कोपऱ्यापर्यंत धावला, मग पत्ता विचारायला परत आला आणि स्वतःची गाडी घेऊन गेला.

चार वाजून चाळीस मिनिटांनी आईने मोठ्या रुग्णालयात फोन लावला. बाळ पोहोचलं आहे, नळी घातली आहे, पुढचं फोनवर सांगत नाहीत, असं कळलं. वडील तिथे आहेत का, असं तिने विचारलं. दाराबाहेर बरीच माणसं उभी आहेत, असं उत्तर मिळालं.

नवऱ्याचा फोन वाजतो आहे. सव्वापाचपर्यंत त्याने तो उचललेला नाही.