बिस्किटांच्या डब्यावर झुललेली गौर

शके १८६७चा चैत्र होता, म्हणजे इंग्रजी १९४५ साल. लढाई अजून संपली नव्हती. साखर, रॉकेल, कापड, सगळं रेशनवर. आणि त्या दिवसांत सोनईच्या आळीत एकच विषय चघळला जात होता, तो म्हणजे शामकांत मास्तरांच्या बायकोने माहेराहून आणलेली पेटी.

मास्तरांची बायको दमयंती नगरची. तिचे वडील मिलिटरी कॅम्पात कारकून होते. सोल्जरांनी रिकामे करून फेकलेले बिस्किटांचे चौकोनी डबे, तारांचे तुकडे, मोडक्या घड्याळांची चाकं असलं काहीबाही ते लेकीसाठी घरी आणत, कारण तिला त्याचाच नाद होता. बाकीच्या मुली भातुकली मांडत, तर ही त्या भातुकलीला पाण्याचा नळ करून देई. लग्न होऊन ती सोनईला आली तेव्हा रुखवतामागोमाग एक हिरवी पत्र्याची पेटीही आली. तिच्या सासूबाईंना सारं गाव माई म्हणे. माईंनी मोठ्या हौसेने पेटी उघडली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अगं बाई! जावयाला भंगाराचं दुकान काढून द्यायचं होतं, तर आधी सांगायचं तरी व्याह्यांनी!"

शामकांत गालातल्या गालात हसले आणि शाळेत निघून गेले. ते तसे भले होते, पण आई आणि बायको यांच्यामध्ये पडायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

वर्षभर पेटी कोठीच्या कोपऱ्यात राहिली. दमयंती दुपारी कामं आवरली की ती उघडून बसे. तिने फुटक्या कंदिलाची चिमणी आणि डब्याचं झाकण जोडून वाऱ्यात न विझणारा दिवा केला. माई तो वापरत, पण पेटीला मात्र नावं ठेवत. घरात जागा थोडी, उंदीर फार, आणि आल्यागेल्याच्या नजरेला ती पेटी पहिली पडायची. शेवटी चैत्रगौर बसली त्या दिवशी जेवताना माई म्हणाल्या, "हे बघ, एक तर ह्या पसाऱ्याचा काही उपयोग दाखव, नाहीतर येत्या बाजाराला तो मोडीत जाईल. मी किती दिवस बोलणी ऐकू?"

दमयंतीचा घास हातातच राहिला. ती पेटी म्हणजे तिचं सगळं माहेर होतं. वडिलांनी आणलेला एकेक तुकडा कुठल्या दिवशीचा ते तिला आठवे.

"माई, हळदीकुंकवाची आरास मी करू?" तिने विचारलं. "गौर आपली आपण झुलेल, अशी."

"आपली आपण? मग बायकांनी काय करायचं? नुसतं बघायचं?"

"हो. नुसतं बघायचं."

माईंना हसू आलं. "चालली तर पेटी राहील. नाही चालली तर बाजार."

दमयंती कामाला लागली. तिची युक्ती साधी होती. उंचावर एक डबा, त्याच्या तळाला सुईएवढं भोक. त्यातून पाण्याची धार पडायची ती खालच्या पळीत. पळीचा दांडा मधोमध तारेवर तोललेला. पळी भरली की जडपणाने खाली झुकायची, रिकामी व्हायची आणि टुणकन वर यायची, आणि त्या झटक्याने दोरी गौरीच्या पाळण्याला हलकासा हिसका द्यायची. म्हणायला सोपं, पण हिसका भलत्या वेळी बसला की पाळणा हेंदकाळून उभा राही. भोक मोठं झालं म्हणून तिने ते मेणाने बुजवलं आणि पुन्हा सुईने पाडलं. असं किती वेळा केलं त्याला गणती नाही. पोळी करपली, दूध उतू गेलं. माई ओट्यावरून म्हणत, "गौर झुलेल तेव्हा झुलेल, आम्ही मात्र उपाशी झुलतोय!" पण एका दुपारी पाळणा लयीत आला आणि थांबेचना. माई दारात उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या.

फक्त एक काटा त्यांच्या मनात होता. त्या डब्यांत गोऱ्यांनी काय काय खाल्लं असेल, कुणी सांगावं? दमयंतीने डबे चिंच लावून, राखेने घासून लख्ख केले होते. पण घासल्याने पत्रा स्वच्छ होतो, सोवळा होत नाही, असं माईंना वाटे. सुनेचा हिरमोड होऊ नये म्हणून त्या तसं बोलल्या मात्र नाहीत.

हळदीकुंकवाला उन्हं उतरल्यावर बायका जमल्या. मळ्यातल्या छबूबाईंनी कैऱ्यांची पाटीच आणून टाकली होती. डाळ झाली होती, पन्हं गार करून ठेवलं होतं, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओट्या भरणं चाललं होतं. मागे टांगलेल्या शालूच्या आडोशाला डबा आणि पळी, आणि पुढे टरबुजाच्या कमळांमध्ये, कुणाचा हात न लागता, गौर झुलत होती.

"आगं माज्ये!" छबूबाईंनी तोंडाला पदर लावला. "आमची बैलं बी इतकी इमानानं चालत न्हाईत!"

बायका हसल्या. दमयंतीचा चेहरा उजळला. आणि तेवढ्यात पाळणा मंदावला. एक झोका, अर्धा झोका, आणि थांबला.

पोस्टमास्तरांच्या विजयमालाबाई पुढेच बसल्या होत्या. "थांबली की हो," त्या हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "गोऱ्यांच्या उष्ट्या डब्यावर देवी झुलायची कशी? रुसली असेल."

कुजबुज सुरू झाली. रुसलेली गौर म्हणजे घराला अपशकुन. दमयंतीने हातातलं अत्तरदाणीचं तबक खाली ठेवलं. भोक ती सकाळीच बघून आली होती, मेण ठीक होतं, पाणीही भरपूर होतं. मग चुकलं काय? तिने माईंकडे पाहिलं. माईंनी मान खाली घातली होती. झालं, तिला वाटलं, गेली पेटी.

माई उठल्या. अंबाड्यातला आकडा काढत शालूमागे गेल्या. डबा खाली घेतल्याचा आवाज आला, मग आकड्याची खुडबुड ऐकू आली. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या ओल्या तळव्यावर कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा होता.

"बघा गं सगळ्या," त्या म्हणाल्या. "देवी रुसलेली नाही. डबा शुद्ध करावा म्हणून मीच दुपारी त्यात गंगेचं पाणी आणि अक्षता टाकल्या. सुनेला न सांगता. त्यातला दाणा भोकात बसला. तिचं काम चोख होतं, मध्ये हात घातला तो मी."

इतक्या बायकांसमोर सासू सुनेपुढे कमीपणा घेते, हे आळीने पाहिलं नव्हतं. गप्प राहिल्या असत्या तरी कुणाला कळलं नसतं, आणि पेटी आपोआप मोडीत गेली असती.

छबूबाईच पहिल्यांदा बोलल्या. "म्हंजी गवर रुसली न्हाई, तिच्या घशात घास अडाकला हुता म्हना की!"

हशा उसळला. विजयमालाबाईसुद्धा हसल्या. माई दमयंतीला म्हणाल्या, "उभी काय राहिलीस? लाव तो डबा वर. आणि आता माझ्या समोर लाव, म्हणजे मला कळेल कुठे काय टाकायचं नाही ते."

दमयंतीने डबा चढवला. तिचे डोळे भरून आले होते, त्यामुळे दोरीची गाठ दोनदा चुकली. माईंनी ती दुसरं टोक धरून बांधून दिली. आपल्यावर कुणी एवढी माया केली आहे, हे तिला त्या गाठीपाशी उमगलं आणि पुढे जन्मभर पुरलं.

पेटी अर्थातच राहिली.

विजयमालाबाईंच्या यजमानांची पुढच्याच वर्षी बदली झाली. जाण्याआधी बाईंनी दमयंतीकडून पळीचं गणित समजून घेतलं आणि नव्या गावी तसलाच पाळणा केला, असं कळलं. छबूबाईंनी दमयंतीकडून पाटाच्या पाण्यावर ठणठण वाजणारा डबा करून घेतला. त्याने पाखरं उठत. त्यांच्या ज्वारीला तो कितीतरी हंगाम राखण होता. छबूबाई नव्वदी ओलांडून गेल्या. शामकांत हेडमास्तर होऊन निवृत्त झाले; बायकोच्या कामांची चित्रं फळ्यावर काढून ते मुलांना तरफ शिकवीत. माई अठ्ठावन्न साली गेल्या. शेवटच्या आजारात त्यांना टेकून बसता यावं म्हणून दमयंतीने मोडक्या आरामखुर्चीची वरखाली होणारी पाठ खाटेला जोडली होती, आणि समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाला माई ती आधी दाखवत, मग दुखणं सांगत.

दमयंतीबाईंची सून आली तेव्हा तिला नदीकाठचे दगड जमवायचा छंद होता. दमयंतीबाईंनी तिला पहिल्याच आठवड्यात एक कपाट रिकामं करून दिलं. दगडांच्या भाराने त्याच्या दोन फळ्या वाकल्या. दमयंतीबाईंनी खालून टेकू लावले.