फळती वेल

पौषातले ऊन तिळारीच्या खोऱ्यात उतरले ते चाळणीतून चाळल्यासारखे. सोनकणी, शीतल, मंद. हरितश्यामल अरण्याच्या गाभाऱ्यात, एका जुनाट जांभळीला बिलगून, एक वेल उभी होती. ताम्रदेठांची, पानापानाखाली माणिकघोस लोंबवणारी. रानमिरीची वेल.

वैजयंती केळुसकर तिच्यापुढे श्वास रोखून थबकली. शहरातल्या हर्बेरियमसाठी, वाळलेल्या वनस्पतींच्या त्या निःशब्द संग्रहासाठी, ती वर्षानुवर्षे रान तुडवत होती. अशी मिरी तिथल्या एकाही कागदावर नव्हती. पानांच्या पाठीवर रुपेरी लव, घोस बोटाच्या पेराएवढे आखूड. नवीच जात!

"एक फांदी घे," तिचे गुरू दीनानाथसर म्हणाले. "मूळ राहू दे. आसपास दुसरी मादी दिसत नाही."

रानमिरीत नरवेल निराळी, मादीवेल निराळी. फळ धरते ती मादीच.

"मुळासकट नमुना नसेल तर कोण मानेल, सर?"

ती हसली, आणि तिने दोन्ही हातांनी वेल ओढली. पेरापेरांवरची मुळे खोडाच्या सालीपासून सुटत गेली. तट्, तट्, तट्. आईच्या गळ्यातली लेकराची मिठी कुणी बोट बोट करून सोडवावी, तशी.

टीपकागदांच्या दाबणीत हिरवे काळवंडले, माणिक मावळले. जाड शुभ्र कागदावर, टाके घालून, वेल निजवली गेली. खाली खोऱ्याचे नाव, तिथी, वैजयंतीचे नाव. जाणकार येत, वाकून पाहत, वाहवा करत. ती मान लववी. आणि त्या वाहवेच्या तळाशी तिला ऐकू येई ते तट्, तट्, तट्.

श्रावणात ती सरांना घेऊन पुन्हा खोऱ्यात गेली. जलधूसर दिशा, जलमग्न वाटा. ओढ्याकाठ धुंडाळला, कपारी धुंडाळल्या, पलीकडची राई धुंडाळली. मादीवेल कुठेच नव्हती. जांभळीच्या बुंध्याशी एक कोंबही फुटला नव्हता.

"तुम्ही सांगितलं होतं, सर."

सरांनी जांभळीच्या रित्या सालीवरून बोट फिरवले. मग म्हणाले, "सांगितलं होतं. आणि तू ओढत होतीस, तेव्हा पिशवी उघडून धरली होती ती मीच."

वर, जांभळीच्या उंच फांदीवर, शेजारच्या झाडावरून चढून आलेली नरवेल मात्र फुलली होती. पीतकोमल तुरे पावसात डुलत होते. रानमिरीचे पराग पावसाच्याच हाती असतात. थेंब तुऱ्यावरून ओघळत, पराग पोटाशी धरून खाली उतरत, फळत्या वेलीला शोधत. खाली ओली साल होती. शेवाळ होते. वेल नव्हती.

वैजयंतीने ओंजळ पुढे केली. थेंबामागून थेंब तिच्यात पडला. फिकट, पिवळसर, जिवंत. ओंजळ मिटवेना, ओंजळ रिती करवेना. आणि वरून नरवेल देत राहिली, देत राहिली, देतच राहिली.