मिल्काचा दगड

मासूद पाथरवटाच्या आवाराला साखळी-कुलूप दिसलं, तेव्हा रहामिम झिराडकरला आधी वाटलं, आपण चुकून शनिवारीच आलो की काय. पण शनिवारी शब्बाथची सुट्टी, सगळ्या इस्रायलात सगळं बंद; दिमोनाहून बेरशेबाला बस कुठली?

तारेच्या कुंपणाआड एक रखवालदार खुर्ची टाकून सूर्यफुलाच्या बिया खात बसला होता.

"मासूद कुठाय?"

"मासूद बुडाला, आजोबा. बँकेनं टाळं ठोकलं. तुमचेही पैसे अडकलेत?"

"माझा दगड अडकलाय."

"दगड बघा की हवे तेवढे," रखवालदार हसला. "फक्त हात लावायचा नाही."

रहामिमने तारेला कपाळ टेकून आत पाहिलं. मागच्या भिंतीशी थडग्यांचे दगड ओळीने टेकवून ठेवले होते. त्यातल्या एकावर वर हिब्रू होतं आणि खाली मराठी. एवढ्या लांबूनही त्याला आपल्या बायकोचं नाव वाचता आलं, 'मिल्का'. तो तिथेच फुटपाथवर बसला.

दिमोनात लोक महिन्याभरात थडग्यावर दगड बसवतात. मिल्काला जाऊन सात-आठ महिने झाले तरी तिचा बसला नव्हता, कारण मराठी अक्षरं कापायला कुणी तयार होईना. ही तिचीच अट होती. इस्पितळात असताना तिने सांगितलं होतं, "वर हिब्रूत काय ते लिहा. पण खाली मराठीत माझं नाव पाहिजे. आई शोधत आली तर तिला हिब्रू कुठं येतं?"

"तुझी आई नागावच्या मातीत आहे गं. ती कशी येईल?"

"मेलेल्यांना काय तिकीट लागतं?"

शेवटी मासूदने काम घेतलं होतं. पैसे सगळे आधी मागितले, ते रहामिमने दिले.

सिनेगॉगमधल्या प्रार्थनेनंतर त्याने हे नौगावकरला सांगितलं. दोघांनी कापडाच्या गिरणीत एकाच खात्यात जन्म काढला होता.

"छोट्या रकमांच्या कोर्टात दावा टाक."

"वकिलाला कुठनं देऊ?"

"तिथं वकिलाला घेतच नाहीत. आपलं आपण बोलायचं. गिरणीत तीस वर्षं तोंड उघडलं नाहीस, आता उघड."

कोर्टाच्या खिडकीत एक रशियन बाई होती. तिने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि त्याच्या वतीने स्वतःच लिहिलं. मग विचारलं, "रक्कम किती टाकू?"

"रक्कम नको. दगड तयार आहे, आत उभा आहे. तो द्या."

"आजोबा, इथं आकडा लागतो. रकाना रिकामा ठेवला तर हा डबा पुढंच जात नाही." तिने संगणकावर टिचकी मारली.

रहामिमने मासूदला दिले होते तेवढे सांगितले. सांगताना त्याला आपण मिल्काला विकतोय असं वाटलं. पण मागे रांग होती.

तारीख लागेपर्यंत तो रोज सकाळी स्वयंपाकघरात हिब्रूतून बोलायचा सराव करी. मिल्काच्या खुर्चीला न्यायाधीश करी. खुर्चीपुढे तो फार छान बोले.

कोर्टाच्या दाराबाहेर मासूद बाकावर बसला होता. दाढी वाढलेली. त्याला पाहिल्यावर चार शब्द सुनवायचे, असं रहामिम घरून ठरवून आला होता. पण मासूदने सरकून जागा केली, आणि तो बसला.

"काय लिपी आहे रे तुमची," मासूद म्हणाला. "आधी वरची रेघ कापायची का खालचं अक्षर, तेच कळेना. एकेक अक्षराला तुला शिव्या घातल्या. पण नाव झालं. तारीख तेवढी राहिली. एका सकाळचं काम."

"मग कर की."

"आत कोण सोडतंय? माझी छिन्नीसुद्धा बाहेर काढू दिली नाही त्यांनी."

न्यायाधीश बाई चांगल्या होत्या. "घाबरू नका, सावकाश सांगा," म्हणाल्या. रहामिम उभा राहिला आणि खुर्चीपुढे पाठ केलेलं सगळं गेलं.

"मला पैसे नकोत. दार उघडायला सांगा. टेम्पो मी आणतो."

"पण दाव्यात तुम्ही पैसे मागितलेत."

"रकाना होता, म्हणून."

बाईंनी मासूदकडे पाहिलं. "दगड यांचाच आहे?"

"यांचाच. दुसऱ्या कुणाच्या काय कामाचा तो?"

बाई थोडा वेळ कागद चाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "यांचं दिवाळं जाहीर झालंय. त्यामुळे हा दावा मला थांबवावा लागतो. आवारातलं सगळं आता, ज्यांचं ज्यांचं यांच्याकडे येणं आहे, त्या सगळ्यांचं. ते वाटायला जो माणूस नेमलाय, त्याच्याकडे अर्ज करा."

"बाई, माझ्या बायकोचं नाव आहे त्यावर."

"मला समजतंय."

"समजतंय तर..." पुढचं हिब्रू त्याला आठवेना. मराठीही आठवलं नाही. पुढच्या दाव्याचा पुकारा झाला.

नेमलेल्या माणसाच्या कचेरीतून फोनवर सांगितलं, आवारातल्या मालाची यादी व्हायची आहे, मग हरकती मागवायच्या आहेत. पुढच्या वर्षी विचारा.

मिल्काच्या वर्षाची जारत झाली, तिच्या आठवणीची प्रार्थना. बायकांनी नारळ घालून मलिदा केला, नौगावकरने प्रार्थना म्हटली. मिल्काची भावजय हळूच म्हणाली, "भाऊजी, दगड नाही तर नाही. साधं सिमेंट तरी ओतून घ्या."

"दगड झालाय," रहामिम म्हणाला. "आहे तो."

दुसऱ्या दिवशी तो एकटाच कबरस्तानात गेला. तिच्या डोक्याशी पत्र्याची पाटी होती, वर हिब्रूत नाव. त्याखाली रहामिमने पूर्वी काळ्या रंगाने मराठीत नाव लिहिलं होतं. वाळवंटातल्या उन्हाने ते खाऊन टाकलं होतं. कुणी शोधत आलं असतं, तर वाचता न येऊन परत गेलं असतं.

रीतीप्रमाणे त्याने एक खडा उचलून मातीवर ठेवला. तिथून बस धरून बेरशेबाला गेला, मासूदच्या आवाराच्या कुंपणाशी थांबला. यादीसाठी हलवलेले आणखी दगड आता तिच्या दगडापुढे टेकवले होते. नाव दिसत नव्हतं.

तारीख कापायची राहिली आहे. दगड बसवायचा राहिला आहे.