साफ फोटो

"हे कोन आहे?" हिरामणनं विचारलं.

"तुम्हीच ना काका! आत्ता तर काढला तुमच्यासमोर." दुकानदार सौरभनं फोन त्याच्या नाकाजवळ नेला. "पाहा, किती साफ आला. एक डाग नाही."

हिरामणनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. शर्ट त्याचाच होता, मिशी त्याचीच होती, पण तोंड मात्र कुण्या सावकाराच्या जावयाचं. गोरं, गुळगुळीत, गालावर लाली. आता हिरामण सोमकुवर म्हणजे कोण, हे पांढुर्ण्यात कुणालाही विचारा. नगरपालिकेचा पाणी सोडणारा माणूस. पहाटे लोखंडी चावी खांद्यावर टाकून गल्लोगल्ली फिरायचं, रस्त्यातलं झाकण उघडायचं, व्हॉल्व फिरवायचा आणि उशीर झाला म्हणून बायाबापड्यांच्या शिव्या खायच्या, यात त्याची उभी हयात गेली. रंगानं तो मुळातच काळा, त्यात उन्हानं आपला हात फिरवलेला. लाली त्याच्या गालावर लग्नातसुद्धा चढली नव्हती.

"भाऊ, दुसरा दाखव," तो म्हणाला. "मले साफ फोटो पाह्यजे."

सौरभनं दुसरा काढला. मग तिसरा. प्रत्येक फोनची तारीफ आधीच्यापेक्षा वरचढ. हा पन्नास मेगापिक्सलचा, हा त्याच्याही वरचा, याला मागून तीन डोळे.

"मेगापिक्सल मी काय उकडून खाऊ? फोटो दाखव ना."

फोटो निघत गेले आणि हिरामण उजळत गेला. चौथ्या फोनमध्ये तर तो असा काही गोरा झाला, की दुकानात कव्हर घ्यायला आलेली एक बाई तोंडावर पदर धरून हसली.

"याच्याहून साफ फोन माझ्याकडे नाही बरं काका," सौरभ आता घामाघूम झाला होता. "हे तर विमानतळावरची लोकं वापरतात."

खरं तर चूक त्या पोराची नव्हतीच. या मुलखात साफ म्हणजे दोन गोष्टी. लग्नाच्या बोलण्यात 'पोरगी साफ आहे' म्हटलं की ती गोरी आहे असं समजायचं. दुकानात येणारा जो तो 'साफ फोटो येतो का' विचारायचा आणि गोरं होऊन खूश होऊन जायचा. सौरभनं अशाच साफसफाईवर दुकान उभं केलेलं. पण हिरामणचा साफ वेगळा होता.

"अरे भाऊ, पाण्याचं घे," तो काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून म्हणाला. "पाणी साफ आलं म्हंजे काय पांढरं आलं का? पांढरं पाणी तर ब्लीचिंग जास्त पडलं म्हंजे येते, मंग लोकं मले मारायले धावते. साफ म्हंजे बकेटीत पाह्यलं का बुड दिसलं पाह्यजे. जसं आहे तसं. मले तसा फोटो पाह्यजे."

सौरभनं हातातला फोन खाली ठेवला. "म्हणजे... काळे दिसलात तरी चालेल?"

"चालन काय? दिसलोच पाह्यजे! नाई तर पैसे कायचे देऊ?"

पुढचं मात्र दुकानात बोलण्यासारखं नव्हतं. पुढचं होतं ते शीतलचं.

शीतल त्याची एकुलती एक लेक. सौंसरच्या एका खासगी दवाखान्यात नर्स, तिथंच खोली करून राहणारी. पोरगी हुशार, बोलायला मोकळी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. रंग मात्र थेट बापाचा. दिवाळीनंतर काटोलकडचं एक स्थळ आलं, तेव्हा भाचा प्रफुल्लनं मोठ्या हौसेनं आपल्या फोनवर तिचा फोटो काढून पाठवला. फोटो मस्त आला, सगळे म्हणाले. पाहुणे गाडी करून आले. शीतल पोहे घेऊन बाहेर आली. मुलाच्या मावशीनं फोनमध्ये पाहिलं, मग शीतलकडे पाहिलं, मग पुन्हा फोनमध्ये पाहिलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "हे लहानी आहे का? मोठीले बोलवा ना."

मोठी कुठून आणायची? पाहुण्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला, कळवतो म्हणाले. शीतलनं कप उचलले, घासले, पालथे घातले आणि आईला एवढंच सांगितलं, "आता माहा फोटो कोनीच काढू नका."

तेव्हापासून हिरामणच्या काळजात काटा रुतून होता. पोरगी नाकारली याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठी लाज वाटायची ती वेगळीच. आपणच आपल्या लेकीच्या तोंडावर दुसऱ्याचं तोंड चिकटवून पाठवलं होतं. आता रामाकोन्याच्या एका घरातून विचारणा आली होती. मुलगा सुमेध, बोरगावच्या कंपनीत कामाला. माणसं चांगली होती, रविवारी यायचं म्हणत होती, पण आधी त्यांनी मागितला होता फोटो. शीतल फोटोला उभी राहायला तयार नव्हती आणि प्रफुल्लच्या फोनला हात लावायची आता हिरामणचीच छाती नव्हती. हे स्थळ असंच हातचं जाणार की काय, याच घोरात तो दुकानाची पायरी चढला होता.

सौरभ मात्र आता पेटला होता. त्यानं एकेका फोनच्या पोटात शिरून काय काय बंद केलं. "ही ब्युटी, हिला शून्य केलं. हे गोरं करणारं, हेसुद्धा बंद. काका, बाहेर उजेडात या." दुकानाच्या पायरीवर त्यानं हिरामणला उभं केलं, फोटो काढला आणि फोन पुढे धरला. हिरामणनं शर्टाची बाही वर सारली आणि आपला हात त्या फोटोशेजारी लावला. हात एका रंगाचा, तोंड दुसऱ्या रंगाचं.

"हा लुच्चा आहे. बंद करूनही करूनच राहिला."

असे दोन फोन बाद झाले. तिसऱ्याच्या वेळी हिरामणनं हात लावला आणि तो लावूनच राहिला. कपाळावरच्या आठ्या, हनुवटीवरचा लहानपणचा व्रण, डोळ्यांतल्या लाल शिरा, सगळं जिथल्या तिथं. आणि रंग हाताचा तोच तोंडाचा.

"हाच," तो म्हणाला. "याच्यात मी आहे."

"काका, याच्यावर सेल्फी काढायला मी घाबरेन," सौरभ हसत म्हणाला आणि डबा बांधायला लागला.

घरी बायकोनं, शांताबाईनं, आधी फोनला हळदकुंकू लावायच्या आवेशात डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "काढा माहा." हिरामणनं काढला. तिनं पाहिला मात्र, आणि घर डोक्यावर घेतलं.

"वापस करा हा फोन! अवो, मी काय इतकी म्हातारी झाली? हे दात पाहा! इतके केस कवा पिकले माहे?"

"मले काय विचारते? मी तर रोजच पाहून राहिलो."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"सांगून जेवण बंद करून घेऊ काय?"

ती हसली, पण फोटो तिनं पुसू दिला नाही. जरा वेळानं चुलीपुढून तिचा आवाज आला. "फोन तर आणला तुमी. पण पोट्टी मानन काय?"

दुसऱ्या दिवशी हिरामणनं पाण्याची पाळी कामावरच्या जोडीदाराच्या गळ्यात घातली आणि सकाळची सौंसरची बस पकडली. पोरीला कळवलं असतं तर तिनं नको म्हटलं असतं, म्हणून कळवलंच नाही.

दवाखान्याच्या फाटकाशी तो उभा होता. शीतलची रात्रपाळी सुटली आणि ती पर्स खांद्याला लावून बाहेर आली. बापाला पाहून ती जागच्या जागी थांबली.

"बाबा! काय झालं? आई बरी आहे ना?"

"सगळे बरे आहेत. चहा पाज."

समोरच्या टपरीवर दोघं बसली. हिरामणनं खिशातून फोन काढला. त्यानं दोन वाक्यं पाठ करून आणली होती, पण ती बसमध्येच कुठंतरी सांडली.

"नवा घेतला? कायले?" शीतलनं विचारलं आणि लगेच तिला कळलंच. तिचा चेहरा बंद झाला. "बाबा, मले फोटो काढायचाच नाई. त्याईले यायचं असन तर येऊ द्या, पाहू द्या, पसंत नसन तर जाऊ द्या. फोटोत एक आणं घरात एक, हे माह्याच्यानं आता होत नाई."

"म्हनूनच तर हा घेतला. हा खोटं नाई बोलत. तुह्या आईचा पाहा."

शीतलनं आईचा फोटो पाहिला. किंचित हसली. पिकलेल्या केसांवरून तिचं बोट फिरलं. मग तिनं फोन बाकावर ठेवला.

"खरं बोलला तर अजूनच वाईट ना बाबा. लोकाईले गोरीच पाह्यजे राहते. हा फोटो पाहून तर ते येनारच नाई."

टपरीवाल्यानं चहा आणून ठेवला. हिरामणनं कप उचलला नाही. आयुष्यभर त्यानं जे कधी तोंडातून काढलं नव्हतं, ते तो आता बोलला.

"शीतल, माहा रंग तुह्या वाट्याले आला. त्याचं मले लय वाटे. तू लहान होती तवा तुही आई तुले बेसन लावे, मी पाहून राहो आणं मनात म्हनो, हे माह्यामुळं. पण त्याच्यात माहं काही चालत नव्हतं बेटा. त्या दिवशी दुसऱ्याच पोरीचं तोंड पुढं करून तुले पाहुन्याईसमोर आणलं ना, तो गुन्हा माहा आहे. तुह्यात काही खोटं नाई, आमीच खोटं पाठवलं. आता नाई येत ते, तर नको येऊ दे. पण जे येईन ते तुह्यासाठी आलं पाह्यजे."

शीतल खाली पाहत होती. टपरीवर भजी तळली जात होती, रस्त्यावरून संत्र्याची गाडी हॉर्न देत गेली. तिनं बापाचा कप उचलून त्याच्या हातात दिला.

"चहा थंडा होऊन राहिला," ती म्हणाली. आणि तो संपल्यावर, "कुठं उभी राहू?"

हिरामणला असा काही आनंद झाला, की पहिल्या फोटोत त्याचा अंगठाच आला. दुसऱ्यात शीतलचं डोकं कापलं गेलं. "बाबा, तुमी पाणीच सोडत जा," ती हसायला लागली, आणि ते हसणं ओसरता ओसरता तिसरा निघाला. कडुनिंबाखाली, पांढऱ्या ड्रेसमध्ये, केसांची एक बट सुटलेली, पावडर नाही की काही नाही.

तिनं तो बराच वेळ पाहिला. व्हॉल्व फिरवल्यावर पाणी येतं की नुसती हवा, असं झालं होतं हिरामणला.

"हो," शेवटी ती म्हणाली. "हे मी आहे." आणि बापाला पाठवता येणार नाही हे ओळखून तिनं स्वतःच रामाकोन्याच्या नंबरवर तो पाठवला. खाली लिहिलं, 'शीतल. आज सकाळचा फोटो.' मग ती खोलीकडे गेली आणि हिरामण बसस्टँडवर आला.

पांढुर्ण्याची बस लागायची होती. बाकावर बसून तो मिनिटामिनिटाला फोन काढून पाहत होता. गेला असेल का? पाहिला असेल का? गोरा करणारा फोनच बरा होता की काय, अशीही एक पाल मनात चुकचुकून गेली. तेवढ्यात फोन हातातच वाजला.

"जयभीम हिरामणभाऊ, सुमेधची आई बोलून राहिली. फोटो भेटला."

"जयभीम, जयभीम," हिरामण उभा राहिला. "बोला ना बाई."

"आमी या रविवारी येनार होतो ना..."

"हो."

"तर या रविवारी नाई येत आमी."

हिरामण हळूच खाली बसला. "बरं," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

"नाई, तसं नाई हो भाऊ! ऐका तर. सुमेधनं फोटो पाह्यला. कवाचा पाहूनच राहिला. मंग म्हनते, आई, पोरगी लय थकली दिसून राहिली. रात्रपाळी करून आली असन. सुट्टीचा एक दिवस भेटते, त्या दिवशी आपण जाऊन बसलो तर ते झोपन कवा? तिले इचारून घ्या म्हनते, जवा तिले पाळी नसन, आराम झाला असन, तवा येऊ. चालन ना?"

"चालन," हिरामण म्हणाला. "चालन ना बाई. लय चालन."

फोन ठेवल्यावर त्यानं पुन्हा तो फोटो उघडला. शीतलनं शिकवलं होतं तसं दोन बोटांनी मोठा केला. डोळ्यांखाली काळसर सूज होती. पापण्या अर्ध्या जड. एका गालावर मास्कच्या दोरीचा वळ होता. सगळं स्पष्ट होतं, सकाळपासून समोरच होतं. आणि तो, तिचा जन्मदाता बाप, तेवढा वेळ फक्त रंग जुळतो का ते पाहत बसला होता.

"अरे बाप्पा," तो स्वतःशीच पुटपुटला. "पोरगी किती थकली माही."

ही बातमी तिला कधी सांगतो असं त्याला झालं. त्यानं तिचा नंबर काढला, बोट टेकवायला नेलं आणि थांबला. आत्ताच कुठं तिनं दार लावून अंग टाकलं असेल. बस लागली, लोक जागेसाठी धावले. हिरामणनं फोन बंद करून आतल्या खिशात ठेवला आणि रांगेत शेवटी जाऊन उभा राहिला. संध्याकाळी ती उठली की सांगू.