आईची टिकली लावलेलं पिस्तूल

मित्रांनो, मी एक जुनं, पत्र्याचं, टिकल्या वाजवायचं पिस्तूल आहे. मुक्काम कतारमधलं दोहा, अबू हमूर वस्ती, गार्गीच्या आईच्या कपाटातला सगळ्यात वरचा खण. इथं माझ्याशी कुणी बोलत नाही, म्हणून तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

माझा जन्म सांगलीतल्या एका छोट्या कारखान्यातला. दिवाळीत फट्ट आवाज काढला की पोरं खूश! गार्गीच्या आजोबांनी, नानांनी, नातीसाठी मला सामानात घालून इकडे आणलं. टिकल्या विमानात चालत नाहीत, म्हणून त्या मात्र तिकडेच राहिल्या.

मग शाळेत वेशभूषा स्पर्धा आली. गार्गी झाली इन्स्पेक्टर. "नाना, वेअर इज द टिकली?" तिनं विचारलं. पेपरातून मान वर न काढता नाना म्हणाले, "आईला विचार की!" आणि या बाईसाहेबांनी आईची कपाळाची लाल टिकली आणून माझ्यावर चिकटवली. हसू नका हं! मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता.

वर्गात तिनं मला शफा नावाच्या मुलीवर रोखलं. "हँड्स अप!" नुसतं टक् वाजलं, पण शफा बाकाखाली शिरली ती बाहेर येईचना. मागाहून कळलं, पूर्वी ती राहायची त्या देशात एका मुलानं घरच्या उघड्या कपाटातलं खरं पिस्तूल शाळेत आणलं होतं. शफाची मैत्रीण त्यात गेली.

त्यानंतर शफा शाळेत येईना. "आई, आय वॉज ओन्ली प्लेइंग," म्हणत गार्गी रडत बसायची.

पालकसभेला आई मला पर्समध्ये घालून घेऊन गेली. "जाने दो, खिलौना है," बरेच जण म्हणाले. तेव्हा शफाची आई रुकैया उठली. "वहाँ भी सब यही कहते थे, बच्चे हैं, क्या होगा. नियम बनाने में देर कर दी."

आईनं मला टेबलावर ठेवलं. "ये मेरे घर से आया है. नियम बनाइए."

नियम झाला. खरी असो, खोटी असो, शाळेच्या फाटकाच्या आत बंदूक नाही. नाटकात नाही, वेशभूषेतही नाही. शफा परत आली. गार्गीच्याच बाकावर बसते म्हणे.

आईनं मला या वरच्या खणात ठेवून दिलं. मला मात्र फार एकटं वाटतं हो. कुणाचा तरी हात लागावा असं रोज वाटतं. पण मित्रांनो, खरी पिस्तुलं अजूनही कितीतरी घरांत उघडीच पडलेली असतात. ती कुलपातच ठेवायचा कायदा करा, म्हणून मोठ्यांच्या मागे लागा. आणि मला काढायला येऊ नका. मी कितीही हाका मारल्या तरी.