शिखरावर शंभू

साईशला सात नावं क्रमाने लावायची होती, एवढंच. कोरगावच्या देवळात जत्रेला सात घराण्यांना मानाचा नारळ मिळतो. पहिला देवस्थानचे अध्यक्ष बाबुराव यांना, दुसरा साईशचे वडील गोकुळदास यांना आणि सातवा वाडीच्या टोकाला राहणाऱ्या शंभूला. गावातल्या शेंबड्या पोरालाही हा क्रम पाठ. पण साईश बंगळुरात सिस्टम्स प्रोग्रामिंग करत होता आणि ते ज्ञान त्याच्या अंगात मावत नव्हतं.

"दादा, फळ्यार खडून लिव आणि मोकळो हो," धाकटी बहीण गौरवी म्हणाली.

साईशने तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि सात नावांसाठी ‘हीप’ रचली. या रचनेत सगळ्यात मानाचा तेवढा शिखरावर बसतो. तो निघाला की तळाचा शेवटचा उचलून त्याच्या जागी ठेवायचा, मग खालच्यांशी तुलना करत करत त्याला पायरी पायरीने त्याच्या लायकीच्या जागी उतरवायचं. संगणक हे डोळ्याचं पातं लवायच्या आत उरकतो. पण मग गावाला कौतुक कसं कळणार? म्हणून साईशने प्रत्येक पायरीला चांगला दमदार थांबा दिला आणि सभामंडपात मोठा पडदा लावला.

गोकुळदास कडक इस्त्रीचा शर्ट घालून पुढेच बसले होते. या दुसऱ्या नारळापायी त्यांनी सख्ख्या मेहुण्याशी बोलणं टाकलं होतं. आता तर लेकाच्या मशीनवरून नाव पुकारलं जाणार, म्हणून त्यांची छाती फुगली होती.

बाबुरावांनी आपला नारळ घेतला, पुढची नावं पुकारायला माईक हातात धरला आणि पडद्याकडे पाहिलं. शिखर रिकामं झालं. तळातून एक नाव उचललं गेलं आणि वर जाऊन झळकलं.

"शंभू!" बाबुरावांनी पुकारलं.

"काका, थांबा! ता नाव आता खाली जातला!" साईश ओरडला.

खरंच, नाव उतरू लागलं. साईशचं गणित अचूक होतं. पण तोवर शंभू उठून गाभाऱ्यापाशी पोचला होता आणि भटजींनी नारळ त्याच्या ओंजळीत ठेवला होता.

"मी मागूक नाय. देवान दिलो," शंभू नम्रपणे म्हणाला. नारळ मात्र त्याने घट्ट धरला होता.

जत्रेनंतर समितीची बैठक झाली. देवासमोर एकदा दिलेला मान परत घेता येत नाही, असं बाबुराव म्हणाले. त्यांचा स्वतःचा पहिला नंबर शाबूत असल्यामुळे त्यांना धर्म फार स्पष्ट दिसत होता. मधल्या चार घराण्यांनी आपापली जागा सोडायला साफ नकार दिला. तेव्हा सगळ्यात सोपं तेच ठरलं. शंभू दुसरा, गोकुळदास सातवे. मशीन बंद.

वर्षभर गोकुळदास मुलाशी धड बोलले नाहीत. साईशने हीप कशी चालते ते समजवायचा एकदा प्रयत्न केला, तर ते ताटावरून उठून गेले. साईशला फार लागलं ते.

पुढच्या जत्रेला गौरवीने खडूने फळा लिहिला. दोन मिनिटांचं काम. गोकुळदास बराच वेळ फळ्याच्या तळाशी असलेलं आपलं नाव पाहत उभे राहिले. मग साईशचा हात धरून त्यांनी त्याला खांबाआड नेलं.

"पुता," ते हळूच म्हणाले, "तुझी ती मशीन परत लाव मरे."