तेजरामच्या बांधीतला पाचवा सेट

सिहोऱ्यापासून दोन किलोमीटरवर तेजरामची एक एकर जमीन आहे. तिच्यात बांध घालून पाडलेले तीन तुकडे, म्हणजे तीन बांध्या आहेत. जुलैच्या तिसऱ्या शुक्रवारी सकाळी सातला गीताबाई ठवकरची टोळी तिथे भाताच्या रोवणीला उतरली. तेरा बाया होत्या. पऱ्हे, म्हणजे भाताची रोपे, आदल्या संध्याकाळीच उपटून ठेवले होते. दुसरी रात्र पेंढ्यांत काढली असती तर ते पिवळे पडले असते. आज एकर संपवून देऊ, असा शब्द गीताबाईने दिला होता, आणि टोळीची प्रमुख तीच होती.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी तिचा नवरा भैय्यालाल धुऱ्यावरून, बांध्यांमधल्या बांधावरून, धावत आला. धावता धावता त्याची एक चप्पल चिखलात राहिली.

"किर्ती खेळून राहिली! आज पहिल्यापासून हाय!"

मुलीचा संदेश त्याने मोठ्याने वाचून दाखवला. कीर्ती अठरा वर्षांची होती आणि थायलंडमध्ये होती. आशियाई कनिष्ठ महिला व्हॉलीबॉल अजिंक्यपद स्पर्धेत भारताचे चार सामने झाले होते, आणि चारही वेळा ती बाकावर बसून होती. काल एका मुलीचा घोटा मुरगळला. आज तिसऱ्या क्रमांकासाठी कझाकस्तानशी सामना होता, आपल्या घड्याळात बाराला. स्पर्धेतला भारताचा हा शेवटचा सामना. संदेशाच्या शेवटी लिहिले होते, 'आई, तू पाहशील ना?'

गीताबाईने मुलीला खेळताना एकदाही पाहिले नव्हते. शाळेचे सामने तुमसरला, जिल्ह्याचे भंडाऱ्याला, विभागाचे नागपूरला, आणि नेमके रोवणीत नाहीतर कापणीत. घरी बक्षिसे येत, तेवढीच तिने पाहिली होती.

"तू जाय घरी," ललिताबाई म्हणाली. "आमी बारा जनी पाहून घेऊ."

"बारा जनीत एकर होत नाई. अन् मी गेलो तं तू बी जाशील."

"मी तं आताच निघालो असतो," ललिताबाई म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

शेवटी ठरले ते असे. दोन बांध्या बारापर्यंत संपवायच्या, बाराला जेवायचे, आणि जेवताना पाहायचे. तिसऱ्या बांधीच्या टोकाला मोहाचे झाड होते. शिवारात मोबाईलला रेंज तिथेच मिळे. भैय्यालालने पंपाजवळ उभे राहून पाहिले, तर पडद्यावर नुसते चाक फिरत राहिले. मग त्याने मोबाईल मोहाच्या खोडाला गमछ्याने बांधला आणि शेजारी उभा राहिला. त्याला या खेळातले कळते, असा त्याचा दावा होता. गोंदिया वेगळा होण्याआधी, जिल्हा अखंड असताना, तो जिल्ह्याच्या शूटिंग व्हॉलीबॉल संघात होता. शूटिंगमध्ये जो जिथे उभा राहतो तो शेवटपर्यंत तिथेच खेळतो. ज्याला बाहेर काढतात तो कपडे बदलून घरी जातो.

बारा वाजता तेरा बाया, भैय्यालाल आणि तेजराम असे पंधरा जण एका मोबाईलसमोर बसले. डबे उघडले, पण कोणी जेवेना.

"कोनती आपली?"

"बारा नंबर. जाळीपाशी. सगळ्यात उंच."

"अवो माय, केवढी दिसते!"

चौथ्या गुणाला कीर्तीकडे सर्व्हिस आली. तिने चेंडू उडवला, मारला, आणि तो जाळीत गेला. पुढच्या क्षणी ती धावत बाहेर आली. वेगळ्या रंगाची जर्सी घातलेली एक बुटकी मुलगी आत गेली.



"काढलं," भैय्यालाल म्हणाला. "एक सर्व्हिस जाळीत गेली तं काढूनच टाकलं! आमच्या वक्ती असं करत नव्हते. पहिली चूक पंचबी माफ करे!"

गीताबाईने भाकरीचा तुकडा डब्यात परत ठेवला. झाकण लावले. लुगडे खोचले.

"चला. रोवणी राहिली हाय."

"गीता, जेव तं."

"झालं जेवून."

ती तिसऱ्या बांधीत उतरली आणि वाकली. एकेक करून बाकीच्याही उतरल्या. रोवणी मागे सरकत सरकत होते. लावलेली रोपे समोर राहतात आणि पाठीमागे मोकळा चिखल. मोहाच्या धुऱ्यापासून सुरुवात केलेल्या या बाया दर ओळीला मोबाईलपासून लांब जाणार होत्या.

भैय्यालालला मात्र राहवेना. करुणा मॅडम सिहोऱ्याच्या शाळेत खेळ शिकवत, कीर्तीला त्यांनीच तयार केले होते. त्याने झाडाला बांधलेल्या मोबाईलवरूनच त्यांना फोन लावला आणि आवाज मोठा केला. चालू सामना गेला.

"अजी, मॅच काहून बंद केली?" बांधीतून चार जणी एकदम ओरडल्या.

"मॅडम, पोरीले काहून काढलं?"

"कोणी काढलं?" करुणा मॅडमचा आवाज शिवारभर ऐकू आला. "भैय्यालालभाऊ, ती लिबेरो आहे. वेगळ्या रंगाची जर्सी दिसली ना? ती फक्त मागे खेळते, खालचे चेंडू उचलायला. कीर्ती उंच, ती जाळीची. कीर्ती फिरत फिरत मागे गेली की लिबेरो आत येणार. पुढे यायची वेळ झाली की कीर्ती परत. सामनाभर हेच चालणार."

"म्हंजे काढलं नाई?"

"काढलं नाही! आता ती परत आतही गेली, आणि तुमच्या फोनमुळे मला दिसत नाही. ठेवा!"

भैय्यालालने सामना परत लावला. बारा नंबर जाळीपाशी उभी होती. त्याने एवढ्या जोरात हाक मारली की पंपावरचे बगळे उडाले. तेरा बाया चिखल उडवत धुऱ्यावर आल्या. त्यांच्यासमोरच कीर्तीने मधून एक चेंडू असा खाली मारला की समोरची मुलगी हात वर करेपर्यंत तो जमिनीवर होता.

"हानली! हानली वो!" ललिताबाईने तेजरामच्याच पाठीत थाप मारली.

तेजराम पाठ चोळत म्हणाला, "पोरगी चांगली हाय, नाई म्हनत नाई. पन माझे पऱ्हे?"

गीताबाईने पडद्यावरून नजर न काढता उत्तर दिले.

"सौदा करू, तेजरामभाऊ. पोरगी बाहेर असली की आमी रोवू. आत आली की पाहू. बाहेर असताना दुप्पट रोवू."

"अन् नाई झालं तं?"

"तं उद्या फुकट येऊ."

तेजरामने मान डोलावली. पहिला सेट भारताने १९-२५ असा गमावला, पण तोपर्यंत नियम सगळ्यांना पाठ झाला होता आणि तेजरामला सगळ्यांत जास्त. वेगळ्या रंगाची जर्सी आत आली की तो मोहाखालून ओरडे, "गेली! गेली! वाका!" आणि तेरा कमरा एकदम वाकत. बोटे चिखलात जात आणि बाहेर येत. पेंढ्या फेकणारी एकटी बाई पुरी पडेना, म्हणून दोघी फेकू लागल्या. कीर्ती आत आली की भैय्यालाल ओरडे, "आली! आली!" आणि बांधी रिकामी होई.

दुसरा सेट भारताने २५-२२ असा घेतला. तिसरा कझाकस्तानने २५-२३. चौथ्यात कीर्तीने सलग तीन चेंडू जाळीवरच अडवले. भैय्यालालने तिन्ही वेळा स्वतःच उडी मारली आणि तिसऱ्या वेळी मोहाच्या फांदीला डोके आपटून घेतले. त्या सेटला २५-२०. दोन-दोन बरोबरी झाली.

तोपर्यंत मोहाच्या धुऱ्यापासून बायांपर्यंत बावन्न पावले रोवलेले भात उभे होते. त्यातून कोणी चालत नाही. रोप अजून मुळाशी धरलेले नसते, पाय पडला की गेले. म्हणून धुऱ्यावरून वळसा घालून यावे लागे, आणि त्यात दोन-अडीच मिनिटे जात. बाकीच्या जणींनी येणे सोडले आणि भैय्यालालच्या ओरडण्यावर समाधान मानले. गीताबाई मात्र दर वेळी वळसा घालून येत होती. पाचव्या सेटमध्ये ती एकदा आली आणि पोचेपर्यंत कीर्ती मागे गेली होती.

"आता इथंच थांब," भैय्यालाल म्हणाला. "पंधराचाच सेट हाय. पुन्ना येईलच ते."

"सौदा तो सौदा," म्हणून ती परत गेली.

पाचवा सेट पंधरा गुणांचा. आठ-आठ, अकरा-अकरा. मग तेरा-तेरा. मग कझाकस्तानच्या उंच मुलीने कोपऱ्यातून मारले आणि भैय्यालालचा आवाज फाटला. "तेरा-चौदा! त्यायचे चौदा!"

कीर्ती बाहेर होती. हा एक गुण गेला असता तर ती परत आत येणारच नव्हती.

बांधीत कोणाचाच हात चालत नव्हता. तेजरामनेही 'वाका' म्हटले नाही.

"त्यायची सर्व्हिस," भैय्यालाल ओरडून सांगू लागला. "उचलला! बुटकीनं उचलला! इकडून मारला... त्यायनं उचलला! परत आला, बाप्पा, परत आला! पडली होती पोट्टी, पडून उचलला! आपली मारून राहिली... गेला! गेला! चौदा-चौदा!"

आणि मग, "आली! किर्ती आली!"

समोरच्या प्रशिक्षकाने टाइम आउट घेतला. तीस सेकंद. गीताबाईने वळशाच्या धुऱ्याकडे पाहिले, मग समोरच्या हिरव्या ओळींकडे, मग तेजरामकडे.

"माझ्याकडं पाहून कायले राहिली?" तेजराम किंचाळला. "जाय ना! सरळ जाय!"

ती सरळ निघाली. बावन्न पावले, गुडघाभर चिखलातून, स्वतःच लावलेल्या रोपांवरून. अर्ध्यात एकदा पडली, दोन्ही हात टेकले, उठली. मोहाखाली पोचली तेव्हा भारताची सर्व्हिस जाळीवरून जात होती.

तिकडून चेंडू उंच उडाला. बारा नंबरने तीन पावले टाकली आणि वर गेली. चेंडू तिच्या हातांवर आदळून तिकडेच पडला. पंधरा-चौदा.

भैय्यालाल काही सांगायला गेला. गीताबाईने चिखलाचा हात त्याच्या तोंडावर ठेवला.

पुन्हा सर्व्हिस. या वेळी त्यांनी मधून फसवले. कीर्ती एका बाजूला झुकली होती, चेंडू दुसऱ्या बाजूला गेला. ती वळली, एका पायावरूनच उडाली, आणि एकच हात जाळीच्या वर गेला. बोटे पसरलेली होती. चेंडू त्या बोटांना लागला, जाळीच्या वरच्या पट्टीवर टेकला, क्षणभर थांबल्यासारखा वाटला, आणि तिकडे घरंगळला.

सोळा-चौदा. मोबाईलच्या चौकटीत सगळ्या मुली एकीवर एक पडल्या.

"तो हात आपलीचाच होता ना?" गीताबाईने विचारले.

भैय्यालालने नुसती होकाराची मान हलवली. दोन तास ओरडून त्याचा आवाज पूर्ण गेला होता, आणि तोंडावर पाच बोटांचा चिखल होता.

बांधीच्या त्या टोकाला, उरलेल्या मोकळ्या चिखलात, बारा बाया एकमेकींचे हात धरून नाचत होत्या. ललिताबाई आडवी पडली होती आणि उठायला तयार नव्हती.

"अवो, आताच पाटा मारून चिखल सपाट केला होता तिथं!" तेजराम ओरडला, आणि ओरडत ओरडत त्यांच्याकडेच धावला, तोही सरळ रोपांतून.

गीताबाईने हात लुगड्याला पुसले. दोन वाजून पंचवीस मिनिटे झाली होती. चार ओळी राहिल्या होत्या, आणि पावलांनी गेलेली रोपे पुन्हा लावायची होती.

"आता तं बाहेर काढत नाई ना तिले?"

भैय्यालालने बोटाने 'नाही' अशी खूण केली.

"मंग पाहू दे," ती म्हणाली आणि मोहाच्या बुंध्याशी खाली बसली.